पाहुण्यांच्या खोलीचा रंग

रंगाच्या दुकानातल्या मुलाने शेड कार्डाचा जाडजूड पंखा उलगडून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "पिंक में कौन सा पिंक, मैडम?" मी नकळत "अबोली" म्हणून गेले. त्याला काही कळलं नाही, ते साहजिकच होतं. अबोलीची झाडं नोएडातही एखाद्या रोपवाटिकेत मिळत असतील, पण तिला त्या नावाने हाक मारणारं इथे कुणी नाही. मी फोनवर फुलाचा फोटो शोधून दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "ये तो ऑरेंज है."

त्याचं खरं होतं. फूल बरंचसं नारिंगीच असतं. पण साडीच्या दुकानात आपण "अबोली रंगात दाखवा" म्हणतो तेव्हा जे समोर येतं ते नारिंगी नसतं. ते गुलाबी असतं, पण गुलाबाचं गुलाबी नव्हे. त्यात थोडी माती असते, थोडं ऊन असतं, आणि एकूण रंग आवाज खाली घेतल्यासारखा. फुलाच्या आणि रंगाच्या नावामधला हा फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. आपले निम्मे रंग असेच खाण्यातून आणि बागेतून आले आहेत: डाळिंबी, आमसुली, अंजिरी, श्रीखंडी, वांगी, पोपटी. त्यांतला एकही रंग त्या वस्तूशी तंतोतंत जुळत नाही, आणि त्यावरून कधी कुणाचं भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

ही 2025 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. खोली आईची होती, निदान मी तसं म्हणत होते. बाबा आदल्या वर्षी पावसाळ्यात गेले. कुडाळजवळचं घर बंद करून, किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन, दसरा झाल्यावर आई माझ्याबरोबर नोएडाला आली. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. तीन खोल्यांपैकी एक आमची, एक मुलीची, आणि तिसरी, उत्तरेकडची, जिला आम्ही इतकी वर्षं 'गेस्ट रूम' म्हणत आलो होतो. आईने तिचं मराठी करून घेतलं, 'पाहुण्यांची खोली'. "माझा चष्मा पाहुण्यांच्या खोलीत राहिला गो," असं ती म्हणायची. मला त्यात काही खटकलं नाही. मी वीस वर्षं अनुवाद करते, दिल्ली विद्यापीठात तौलनिक साहित्यात एम. ए. केलं आहे, एका शब्दासाठी संपादकाशी तासभर हुज्जत घालते. पण घरात रोज कानावर पडणारा शब्द मी ऐकतच नव्हते.

तो ऐकू आला जानेवारीत. फेब्रुवारीच्या 21, 22 आणि 23 तारखांना तालकटोरा स्टेडियमवर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होतं. 1954 नंतर दिल्लीत पहिल्यांदाच. महाराष्ट्रातून येणाऱ्या ओळखीच्यांचे फोन सुरू झाले आणि माझ्या दोन मैत्रिणी आमच्याकडे उतरायचं म्हणाल्या. मी जेवताना घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावरून परतले तर आईची सुटकेस पलंगावर उघडी. कपाटातल्या साड्या घडी घालून तिने परत आत ठेवल्या होत्या. औषधांचा डबा, देवाची छोटी तसबीर, सगळं आवरलेलं. "त्यांना खोली लागेल ना," ती म्हणाली. "मी हॉलमध्ये पडेन."

संमेलनाला अजून महिना होता.

मी त्या रात्री मैत्रिणींना फोन करून सांगितलं की तुम्ही हॉलमध्ये झोपणार आहात. आणि आईला म्हटलं, ही खोली तुझी आहे, आपण रंगवून घेऊ, तुला हवा तो रंग सांग. "कशाला खर्च," हे अपेक्षित उत्तर आधी आलं. मग बराच वेळ काही नाही. बाबा गेल्यापासून ती अशीच बोलत होती, एका वाक्यानंतर दुसरं येईलच याची खात्री नसायची. मी दिवा मालवायला उठले तेव्हा ती म्हणाली, "अबोली."

एवढंच. पुढे क्रियापद नव्हतं. ते मी घातलं.

मी त्या एका शब्दाचं वाक्य केलं ते असं: आपल्या घरी अबोली भिंत असायची, तशी हवी. आणि मग मला सगळं दिसायलाच लागलं. कोकणातलं घर, चिऱ्याच्या भिंती, त्यांवर गिलावा, खाली हात-दीड हात उंचीपर्यंत काव आणि वर चुना. काव म्हणजे लोहयुक्त तांबडी माती, गेरूची बहीण. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रेषांतलं जे कावीचं काम दिसतं, ते याच मातीचं. चुन्यात चमचाभर काव पडली की जो रंग होईल तो अबोलीच, असं मी ठरवून टाकलं. चुन्याने तिचा तांबडेपणा मऊ होणार, पण ऊब राहणार. इंग्रजीत अशा रंगांना 'म्यूटेड' म्हणतात, आवाज बंद केलेले, आणि आमच्याकडे तर फुलाचं नावच 'न बोलणारी'. तिला वास नाही, म्हणून ती अबोल. दोन भाषा इतक्या सहज एका जागी भेटल्या की अनुवादकाला सावध व्हायला हवं. मी झाले नाही. उलट आईच्या गप्प राहण्यालाही तोच रंग लावून मोकळी झाले.

उदाहरण म्हणून मला जयपूरही सापडलं. दिल्लीहून पाच तासांवर. त्याला गुलाबी शहर म्हणतात, पण तिथल्या भिंतींचा रंग गुलाबाचा नाहीच, गेरूचा आहे. सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, 1876 साली, प्रिन्स ऑफ वेल्स भेटीला येणार म्हणून शहर एका रंगात रंगवलं, असं सांगतात. पाहुणा काही दिवसांत निघून गेला, रंग तेवढा मागे राहिला आणि शहराचं नाव झाला. नवऱ्याला हे सांगताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

तर त्या दुकानात मी शेड कार्डावरून एक फिका, मातकट गुलाबी निवडला. पांढऱ्या बेसच्या डब्यात यंत्राने थेंबाथेंबाने रंग सोडले, डबा गदागदा हलवला, आणि मी एक लिटर अबोली घेऊन घरी आले. रंगारी मूळचा बिहारमधल्या पूर्णियाचा, नोएडात बारा-तेरा वर्षं काम करणारा. त्याने पुट्टी घासलेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन रंगवला आणि म्हणाला, सुकू द्या, मग दुसरा हात मारतो, ओल्या रंगावर कधी विश्वास ठेवू नये.

सुकल्यावर तो चौकोन राखेसारखा दिसला. गुलाबी होता, पण आजारी माणसाच्या ओठांसारखा. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली तर जांभळट झाला. कार्डावरचा आकडा तोच, डब्यावरचा आकडा तोच. दुकानदाराला फोन करण्यात अर्थ नव्हता.

चूक कुठे झाली ते मला रंगाऱ्याने सांगितलं, आणि नंतर मी माझ्या परीने भूगोलाशी ताडून पाहिलं. कुडाळ साधारण 16 अक्षांशावर आहे. तिथे वर्षातून दोनदा, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. मधले तीन महिने तो डोक्याच्या जरा उत्तरेलाच असतो. नोएडा आहे साडेअठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच वर. इथे दुपारचा सूर्य कधीही डोक्यावर येत नाही, वर्षभर दक्षिणेलाच झुकलेला. उत्तरेच्या खोलीला, विशेषतः हिवाळ्यात, ऊन म्हणून मिळतच नाही, मिळतो तो आकाशाचा निळसर उजेड, आणि जानेवारीत तर धुरक्याचा करडा. शिवाय कोकणातल्या घरात उजेड येतो तो अंगणातल्या तांबड्या मातीवर आपटून. तो खिडकीतून आत शिरतो तेव्हाच थोडा रंगलेला असतो. माझ्या खिडकीसमोर आहे समोरच्या टॉवरची पांढरी-करडी भिंत. आणि छताला 6500 केल्विनची एलईडी नळी, जिचा उजेड मुळातच निळ्याकडे झुकलेला.

म्हणजे मी शब्दाला शब्द ठेवला होता. तो शब्द ज्या उजेडात वाचला जाणार होता त्याचा विचारच केला नव्हता. असा अनुवाद एखाद्या विद्यार्थ्याने आणून दिला असता तर मी समासात लाल पेन्सिलने काय लिहिलं असतं ते मला ठाऊक आहे.

रंगाऱ्याने डोकं खाजवलं. "आपको कौन सा चाहिए, बताइए तो सही." मी पुन्हा सुरू केलं: गुलाबी, पण फार गुलाबी नाही, थोडा नारिंगी, थोडा मातीसारखा, फिका. तो ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "अरे, प्याजी बोलिए ना!"

प्याजी. कांद्याच्या सालीचा रंग. हा शब्द मला माहीत होता. माझ्या सासूबाई लखनौच्या, त्यांच्या ओढण्यांच्या गठ्ठ्यात दोन-तीन तरी प्याजी निघतील. हिंदी कथांमध्ये तो मला भेटला आहे आणि एकदा मी त्याचं 'फिकट गुलाबी' करून पुढे गेले आहे, हेही आठवलं. स्वयंपाकघरात जाऊन मी टोपलीतला कांदा आणला. वरचं कोरडं साल काढलं, त्याच्या आतलं ओलसर पातळ साल खिडकीपाशी धरलं. उजेड त्यातून आरपार आला. कांदा बहुधा नाशिककडचाच असणार, दिल्लीत तो येतोच तिकडून. पण त्या सालीत अबोली पाहायला मला पूर्णियाच्या माणसाची गरज पडली.

त्याने त्याच डब्यात पिवळ्या ऑक्साइडचा स्टेनर टाकला. मोजून नाही, अंदाजाने, काडीने ढवळत. मग किंचित तांबडा. काव, गेरू आणि या दोन्ही बाटल्या, सगळ्यांच्या मुळाशी लोखंडच आहे, त्याची वेगवेगळी गंजलेली रूपं. दिल्लीतला लाल दगड लाल आहे तोही त्याच्यामुळेच. "एक बात," तो म्हणाला, "इसका कोई नंबर नहीं होगा. जितना लगेगा, सब एक ही बाल्टी में बनाना पड़ेगा." नंतर एखादा डाग पडला तर तसाच रंग पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं चालेल. छतावरची नळी काढून पिवळसर उजेडाचे, 3000 केल्विनचे दिवे लावायचेही ठरलं. त्याशिवाय या रंगाची दिवसभराची मेहनत संध्याकाळी फुकट गेली असती.

दुसरा चौकोन सुकला तेव्हा मी आईला बोलावलं. ती समोर उभी राहिली. उजवा डोळा हाताने झाकून पाहिलं, मग डावा झाकून. पुन्हा उजवा. मला वाटलं चष्म्याचं काहीतरी आहे. "ह्या डोळ्यानं अबोली," ती म्हणाली, "आणि ह्या डोळ्यानं नुसतं गुलाबी."

आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं. डाव्याचं बाबांच्या आजारपणात राहून गेलं, आता एप्रिलमध्ये इथेच करायचं ठरलं होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं, तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. माणसाला ते कळत नाही, कारण ते वर्षानुवर्षं हळूहळू होतं. भिंग बदलल्यावर पांढरं एकदम निळसर पांढरं दिसतं, जुनी चादर नवी वाटते. आईच्या डाव्या डोळ्याला प्रत्येक भिंतीवर काव मिसळलेली दिसत होती, उजव्याला नव्हती. तिच्यासाठी भिंत एकच होती, अबोली एकाच डोळ्यात होती.

"मग कोणता डोळा खरा धरायचा?" मी विचारलं.

"हा," तिने उजव्याकडे बोट केलं. "दुसरा काय, दोन महिन्यांत ह्याच्यासारखाच व्हायचाय."

मी म्हटलं, "पण मग आपल्या घरच्यासारखा नाही दिसणार. तुला घरच्यासारखा हवा ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "आपल्या घरी कुठे होती अबोली?"

मी बोलायला लागले, काव, चुना. ती मध्येच म्हणाली, "काव खाली असायची, जोत्याशी. वर चुना, त्यात नीळ. ह्यांना पांढरीच भिंत लागायची, उजेड राहतो म्हणायचे." मग थांबली. आता पुढचं वाक्य येणार नाही असं मला वाटलं, पण ते आलं. लग्नानंतर पहिल्या गणपतीला रंग काढायचा होता तेव्हा तिने विचारलं होतं, एक खोली अबोली करूया का. तेव्हा सासूबाई होत्या. पुढे मी दहावीला असताना घर शाकारलं, भिंती काढल्या, तेव्हा पुन्हा. मग निवृत्त झाल्यावर तिसऱ्यांदा. बाबा वाईट बोलले नाहीत कधी. हसले आणि म्हणाले, अबोली केसात बरी. ती शेवटपर्यंत वळेसर करून माळायची, आणि मला वाटत आलं होतं की तिला ते फूल आवडतं.

मी भूतकाळ वाचला होता. मुळात विध्यर्थ होता: असावी. असायची नव्हे. मराठीत दोन्हींच्या मध्ये एका अक्षराचं अंतर आहे, आणि तिने तर क्रियापदच उच्चारलं नव्हतं. ती बाबांच्या घराची आठवण मागते आहे, असं मी धरून चालले, कारण विधवा आई मुलीच्या घरी आली की आठवणच मागणार, असं माझ्या डोक्यात आधीपासून लिहिलेलं होतं. ती मागत होती एक रंग, जो तिला पस्तीस-चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. आणि सुटकेस भरून, पाहुण्यांना खोली मोकळी करून द्यायला निघालेल्या बाईने हे मागितलं होतं, हेही मला तेव्हाच नीट कळलं.

मग कामाला लागलो. उजव्या डोळ्याला अबोली दिसेपर्यंत पिवळा वाढवायचा, असं ठरलं. आई स्टुलावर बसली, डावा डोळा हाताने झाकून, आणि रंगारी बादली ढवळत राहिला. "अम्माजी, अब?" "थोडा और." "अब?" तिचं हिंदी तोवर तीन शब्दांच्या पलीकडे गेलं नव्हतं, त्या दुपारी ते बरंच पुढे गेलं. मी सुचवलं की एकच भिंत या रंगाची करू, बाकीच्या पांढऱ्या. हल्ली तशी पद्धत आहे, आणि त्याला कारणही आहे: चारही भिंती एका रंगाच्या असल्या की त्या एकमेकींवर उजेड फेकतात आणि खोलीतला रंग नमुन्याच्या चौकोनापेक्षा कितीतरी गडद वाटतो. रंगाऱ्याने मान डोलावली. आई म्हणाली, "चारही." मग जरा विचार करून, "छत राहू दे पांढरं. ह्यांच्यासाठी." सहा लिटर रंग एका बादलीत कालवला गेला, बिनआकड्याचा. भिंतींनी एकमेकींवर उजेड टाकणार हे धरून त्याने शेवटी थोडा पांढरा वाढवला, तेवढं मात्र कुणालाही न विचारता.

संमेलनाच्या आदल्या दिवशी मैत्रिणी आल्या, हॉलमध्ये गादीवर झोपल्या, रंगाच्या वासाबद्दल कुरकुरल्या. बाहेर गुलाबी थंडी होती, मार्च येईपर्यंत टिकणारी. सकाळी दोघी आईच्या खोलीत चहा प्यायला जाऊन बसल्या. एक म्हणाली, काय सुंदर पीच रंग आहे. दुसरी म्हणाली, छे, हा तर गाजरी. रंगारी शेवटचे पैसे घ्यायला आला होता, तो दारातून म्हणाला, प्याजी. आई काही बोलली नाही, पण नाव सुचवायची तिला गरज वाटत नसावी, असं मला वाटलं. माझ्या अंदाजांवर मी आता पूर्वीइतकी विसंबत नाही, म्हणून 'वाटलं' एवढंच लिहिते.

एप्रिलमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आल्यावर ती तिच्या खोलीत गेली आणि आळीपाळीने दोन्ही डोळे झाकून भिंती पाहू लागली. मी दाराशी उभी होते. मुलगी म्हणाली, "आजी, कसा दिसतो?"

"आता दोघांचं एकमत झालं," आई म्हणाली. आणि मग भिंतीपाशी जाऊन, तळवा तिच्यावर ठेवून, "जरा फिकीच वाटते गो. पुढच्या वेळी काढू तेव्हा एक हात गडद करूया."

रंगारी म्हणाला होता, नीट ठेवलात तर पाच-सहा वर्षं बघायला नको.